बाहेर, थंडीत वाढणाऱ्या किडेखाऊ तुताऱ्या (सॅरासेनिया): लागवड आणि संकर

काळीमाती

नमस्कार मंडळी. किडे खाणारं झाड म्हटलं की आपल्याला घटपर्णी आठवते, शाळेच्या पुस्तकातली, पानाच्या टोकाला लोंबणारी सुरई. ती नेपेंथिस, बहुतेक उबदार दमट हवेतली, कडक गारठ्यात बाहेर ठेवली तर मान टाकते. मी लिहितोय ते सॅरासेनियाबद्दल. या जमिनीतून सरळ वर येणाऱ्या तुताऱ्या, काहींची उंची मांडीपर्यंत जाते, आणि यांना थंडी नुसती चालत नाही तर लागतेच. मूळ उत्तर अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या दलदली. एकच जात, पर्प्युरिया, थेट कॅनडापर्यंत पसरलीये, न्यूफाउंडलँड आणि लॅब्राडोर प्रांताचं ते राज्यफूल आहे म्हणजे विचार करा.

मी नऊ वर्षं लावतोय, सगळी बाहेर उघड्यावर. पहिली दोन वर्षं नुसती मारली. त्यातून जे कळलं ते थोडक्यात असं की माती म्हणजे आपली बागेची माती नाहीच. पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि पर्लाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) अर्धं अर्धं, किंवा पीट आणि धुतलेली जाड वाळू. पीट घेताना पिशवीवर बारीक अक्षरात "खत मिसळलेलं" असं काही लिहिलंय का ते बघा, असेल तर तिथेच ठेवा. उंच प्लास्टिकची कुंडी, कारण मातीच्या कुंडीतून क्षार उतरतात. कुंडी ताटलीत ठेवायची आणि ताटलीत दोन-तीन सेंटीमीटर पाणी कायम. ऊन मात्र सढळ, निदान सहा तास थेट. सावलीत वाढवलेली तुतारी हिरवी, लांबट आणि लुळी होते, मग झाकणाच्याच वजनाने आडवी पडते आणि लोक विचारतात काय रोग झाला. रोगबिग काही नाही, ऊन द्या.

बाकी प्रश्न विचारा, मला या विषयावर बोलायला घरात कोणी उरलं नाहीये.

शेणखत

अरे वा, मस्त विषय. माझा आयडी बघून हसू नका पण माझं एक झाड नेमकं यानेच गेलं. गुलाबाला देतो तसं मूठभर घातलं, वर पाणी. चार दिवसांत कडा तपकिरी, दहा दिवसांत बुंध्याशी काळं. सगळी झाडं ज्यावर जगतात त्यावर हे मरतं कसं हा माझा प्रामाणिक प्रश्न.

काळीमाती

शेणखतराव, हसलो, माफ करा. ही झाडं ज्या दलदलीत वाढतात तिथल्या पाण्यात अन्न जवळजवळ नसतंच, आम्ल पाणी, नायट्रोजन-फॉस्फरस नावाला. लाखो वर्षं मुळांना भरपूर काही मिळालंच नाही, मग पानांनी किडे पकडायचा धंदा काढला. आता त्या मुळांना एकदम खताची मूठ मिळाली की क्षारांनीच ती भाजून निघतात. अगदीच द्यायचं असेल तर अतिपातळ खताचं पाणी तुतारीच्या आत चार थेंब घालतात काही जण, मुळाशी नाही. पण बाहेर ठेवलेल्या झाडाला गरज नाही हो. ते आपलं आपण जेवतं, आणि अधाशासारखं जेवतं.

थंडी संपता संपता जुन्या तुताऱ्या कापताना एक उभी चिरून बघा. तळाला बोटभर काळा गाळ, त्यावर माश्यांच्या पंखांचा थर, अभ्रकासारखा चमकतो, मग गांधीलमाश्यांची डोकी, आणि अगदी वर शेवटची आलेली माशी, तिला अजून रंग असतो. वास येतो, नाकाला रुमाल लावा. एकदा एका तुतारीला मधोमध गोल भोक दिसलं. मला वाटलं अळी लागली. तर आत पडलेल्या गांधीलमाशीने भिंत कुरतडून पळ काढलेला. तिला पूर्ण गुण.

टीडीएसवाली

आयडीवरून कळलंच असेल मी काय सांगणार ते :) पाणी पाणी पाणी. नळाचं पाणी तुमच्याकडे "गोड" असलं तरी त्यात कॅल्शियम असू शकतं. एक टीडीएस मीटर घ्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, ५० पीपीएमच्या खाली आकडा आला तर बिनधास्त वापरा. पावसाचं साठवलेलं सगळ्यात उत्तम, नाहीतर डिस्टिल्ड, नाहीतर आरओचं, पण आरओच्या काही मशीनमध्ये चवीसाठी परत क्षार घालतात, त्यामुळे मीटर बुडवून बघितल्याशिवाय माझा विश्वास नाही. आणि उकळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, उकळून सगळे क्षार जात नाहीत, उलट पाणी आटून वाढूही शकतात!! हे मी आमच्या घरात सहा वेळा सांगितलंय.

कोकोपीट वापरणाऱ्यांसाठी: त्यात मीठ असतं बऱ्याचदा. भिजवा, पिळा, फेका, परत भिजवा, मीटर खाली येईपर्यंत. मी तीन दिवस धुतलं आणि शेवटी कंटाळून पीटवर आले.

हिमगौरी

काका, माझा प्रश्न थंडीचा. माझ्याकडे एकच आहे, फ्लाव्हा बहुतेक, उंच पिवळट. गेल्या थंडीत बाहेर तापमान शून्याखाली जायला लागलं तसं मला बघवेना, उचलून आत आणलं, खिडकीत हीटरजवळ ठेवलं. हिवाळाभर हिरवं होतं, इतका आनंद झाला! पण या उन्हाळ्यात तुताऱ्या निम्म्याच उंचीच्या आल्या, त्याही वाकड्या. आता परत थंडी सुरू झालीये. या वेळी काय करू? आत आणू की नको?

काळीमाती

नको नको नको. बाहेरच राहू दे.

गौरी, तुझ्यासारखंच मी पहिल्या वर्षी केलं म्हणून सांगतो. या झाडाला वर्षातले तीन-चार महिने झोप लागते. दिवस लहान व्हायला लागले, पारा साधारण १० अंशांच्या खाली राहायला लागला की नवी तुतारी यायची थांबते, जुन्या वरून खाली सुकत येतात, आणि सगळा जीव जमिनीतल्या कंदात जाऊन बसतो. कंद म्हणजे आल्याच्या गड्ड्यासारखा आडवा जाड खोडाचा तुकडा. त्याला झोपूच दिलं नाहीस तर तो साठवलेलं खर्चत बसतो. पहिल्या वर्षी दिसत नाही, दुसऱ्या वर्षी झाड बारकं होतं, तिसऱ्याला जातं. आणि जाताना लोक म्हणतात अचानक गेलं.

फ्लाव्हाला थंडीच्या आधी सपाट तलवारीसारखी पानं येतील, त्यांना तोंड नसतं, किडे पकडत नाहीत. ती बघून घाबरू नकोस. ओरिओफिला तर ही पानं भर उन्हाळ्यातच काढते, बाकवाली, विळ्यासारखी, कारण तिच्या मूळ जागा उन्हाळ्यात सुकतात.

आता किती थंडी चालते. पर्प्युरियाची उत्तरेकडची झाडं बर्फाखाली महिनोनमहिने गोठलेली राहतात. फ्लाव्हा, ओरिओफिला, रुब्रा जोनेसी हीही भक्कम. ल्युकोफिला, अलाटा, मायनर जरा दक्षिणेकडच्या, तरी माझ्याकडे उणे दहा-बाराला पांघरूण घालून सगळ्या तगल्यात. सिट्टासिना, ती जमिनीवर लोळणारी पोपटाच्या चोचीची, तिला मात्र मी जपतो.

फक्त एक लक्षात ठेव, जमिनीत लावलेलं झाड आणि कुंडीतलं झाड यांना लागणारी थंडी वेगळी. कुंडी चारी बाजूंनी गोठते. म्हणून थंडीपुरती कुंडी जमिनीत गळ्यापर्यंत पुरून टाक, किंवा सगळ्या कुंड्या भिंतीलगत एकमेकींना चिकटवून ठेव, वर पाइनच्या सुया किंवा वाळकं गवत वीतभर. सुकलेल्या तुताऱ्या आत्ता कापू नकोस, त्यांनाही थोडी ऊब असते. आणि मग तिकडे बघूच नकोस. हेच सगळ्यात अवघड.

वाराकुंड

काळीमाती यांच्याशी बरंचसं सहमत, एक सोडून. पांघरुणाचं. माझी झाडं थंडीने कधीच नाही मेली, मेली ती वाऱ्याने आणि पांघरुणाने. वाऱ्याचं सांगतो, माती गोठलेली असताना मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि वरून कोरडा वारा पानं-कंद सुकवत राहतो, म्हणजे झाड गोठून नाही तर तहानेने मरतं. त्यामुळे थंडीत "आता झोपलंय, पाणी कशाला" म्हणून कुंडी कोरडी ठेवणारे लोक स्वतःच्या हाताने मारतात. ओल पाहिजेच, फक्त ताटली काठोकाठ नको.

आणि पांघरूण, वाळकं गवत पावसाने ओलं झालं की खाली राखाडी बुरशी. एका वर्षी वसंतात उचललं तर अकरा कंदांवर केसाळ बुरशी, सात गेले. तेव्हापासून मी फक्त बागेचं पांढरं हवा जाणारं कापड टाकतो, तेही खरी कडाक्याची लाट असली तरच. बर्फ पडला तर उत्तम, त्याच्यासारखं पांघरूण नाही.

काळीमाती

वाराकुंड, बुरशीचा मुद्दा मान्य. गवत माझंही कुजलंय. पाइनच्या सुया मात्र कुजत नाहीत लवकर, हवा खेळते. पण जिथे हिवाळा म्हणजे ओला आणि सौम्य, तिथे काहीच घालू नये या मताचा मी झालोय. वाऱ्याबद्दल १००% अनुमोदन.

अर्धवट_माळी

मी जमिनीतच लावायचं म्हणतोय, छोटी दलदल. कुणी केलंय का? नुसता खड्डा करून पीट भरलं तर?

वाराकुंड

नुसत्या खड्ड्यात पाणी टिकत नाही आणि बाजूची माती हळूहळू आत येते, मग क्षार, मग गवत, मग संपलं. तळ्याला घालतात तो जाड रबरी कागद घाला. खोली दीड फूट असू द्या, कमी खोल असलं तर उन्हाळ्यात तापतं आणि हिवाळ्यात तळापर्यंत गोठतं. तळाला भोकं पाडू नका, कडेला, वरून तीन-चार इंचांवर पाडा, म्हणजे खाली पाणी साठेल पण झाडांचे गळे बुडणार नाहीत. पीट आधी बादलीत पायाने तुडवून भिजवा, कोरडं पीट पाण्यावर तरंगतं आणि तुम्ही वेडे होता. भरल्यावर महिनाभर बसू द्या, खचतं, परत भरा, मग लावा. आणि पक्षी. वसंतात घरटी बांधायला शेवाळ उपटून नेतात, सोबत तुमची रोपं पण.

अर्धवट_माळी

धन्यवाद! आणि पर्प्युरियाच्या आत पाणी साठतं ना, डास नाही होणार? बायकोचा, म्हणजे घरच्यांचा हा एकमेव आक्षेप आहे.

टीडीएसवाली

छान प्रश्न. बाकी तुताऱ्यांवर झाकण असतं, पाऊस आत जात नाही, त्या आपला पाचकरस स्वतः काढतात. पर्प्युरियाचं झाकण उभं, तोंड आभाळाकडे, ती पावसाचंच पाणी भरून घेते आणि त्यात जीवाणू आणि अळ्या मिळून किडे कुजवतात, झाड त्यातलं शोषतं. तिच्या मूळ जागी एक डास आहे, वायोमिया स्मिथी, त्याच्या अळ्या फक्त याच पाण्यात वाढतात, हिवाळ्यात त्या बर्फात गोठून राहतात आणि वसंतात परत वळवळतात. उत्तरेकडचे तर रक्तसुद्धा पीत नाहीत. तुमच्याकडे तो नसणार, पण घरच्यांना गोष्ट सांगायला चांगली आहे. साध्या डासांची भीती ताटलीतल्या पाण्याची जास्त, ते आठवड्याने ओतून बदला.

एक विनंती पण. पर्प्युरिया हौसेने खऱ्या रानातल्या दलदलीत नेऊन लावू नका. आयर्लंडमध्ये १९०६ साली लावली होती, ती तिथे पसरत गेली आणि आता तिथलं मूळ शेवाळ दाबते. आपल्या कागदाच्या आत ठेवा.

हिमगौरी

बाहेर ठेवलंय. पुरलंय भिंतीशी. वर पाइनच्या सुया. काल बर्फ पडला, मी पडदा लावून घेतला :(

काका, तोवर मन रमवायला संकराबद्दल सांगा ना. तुम्ही सुरुवातीला नावात लिहिलंय आणि विसरलात.

काळीमाती

विसरलो नव्हतो, पाल्हाळ लागेल म्हणून टाळत होतो. आता तूच विचारलंस तर ऐक.

सॅरासेनियाची मजा अशी की सगळ्या जातींची एकमेकींशी सोयरीक जुळते, आणि पोरं वांझ निघत नाहीत. सगळ्यांची गुणसूत्रं २६. त्यामुळे संकराचा संकराशी, त्याचा परत तिसऱ्याशी, असं कितीही करत बसा. पहिला माणसाने केलेला संकर म्हणून फ्लाव्हा आणि ल्युकोफिलाचा सांगतात, डब्लिनजवळच्या ग्लासनेव्हिनच्या बागेत डेव्हिड मूर यांनी केलेला, १८७४ ला फ्लॉरेन्सच्या प्रदर्शनात ठेवला होता. म्हणून त्याला मूरिआय म्हणतात. मी पण तोच केला पहिल्यांदा, कारण फ्लाव्हा वसंतात सुंदर दिसते आणि उन्हाळा सरता सरता मरगळते, ल्युकोफिलाची पांढरी जाळीदार तुतारी उलट उन्हाळा संपताना खुलते. दोघींचं पोर दोन्ही वेळेला बरं दिसेल असा हिशेब.

अडचण अशी की फ्लाव्हा आधी फुलते, तुताऱ्या यायच्याही आधी. म्हणजे ज्या मधमाशीने परागीकरण करायचं तिलाच खाऊन बसू नये. ल्युकोफिला दोन-तीन आठवडे मागे. मग फ्लाव्हाचे परागकण साठवायचे. बटर पेपरची पुडी, पुडी छोट्या डबीत, डबीत सिलिकाच्या पिशव्या, डबी फ्रिजमध्ये. महिनाभर आरामात चालतात.

फूल नीट समजून घे, नाहीतर तासभर चुकीच्या जागी ब्रश फिरवत बसशील, मी बसलोय. फूल खाली तोंड करून लटकतं. आतला स्त्रीभाग पसरून उलटी टांगलेली छत्री झालेला असतो. पुंकेसरांतून परागकण गळून त्या छत्रीतच साठतात, पिवळी पूड, दातकोरणीने काढता येते. पण त्या छत्रीत पूड पडली म्हणजे परागीकरण झालं असं नाही. कुक्षी छत्रीच्या पाच टोकांना आहेत, टोकाच्या आतल्या बाजूला एकेक बारीक खिळ्यासारखा उंचवटा, भिंगातून बघ. माशी त्या टोकांखालून घासत आत शिरते, बाहेरून आणलेली पूड तिथे लागते, आणि बाहेर पडताना पाकळी ढकलून निघते म्हणजे स्वतःचीच पूड परत टोकाला लागायची शक्यता कमी. इतकं देखणं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही.

तर आईचं फूल उघडायच्या बेतात असताना त्याच्यावर जाळीची पिशवी बांधायची. उघडलं की चिमट्याने पुंकेसर काढून टाकायचे. मग पुडीतले परागकण पाचही टोकांना, तीन-चार दिवस रोज. परत पिशवी. पाकळ्या गळतील, पण हिरवी छत्री आणि बोंड राहील, ते फुगायला लागलं की समजायचं. बोंड पिकायला साधारण पाच महिने. तपकिरी होऊन तडकलं की बिया, एका बोंडात शे-दोनशे सहज.

नाव लिहिताना आई आधी, बाप नंतर. ल्युकोफिला गुणिले फ्लाव्हा. हे लोक उलटं लिहितात आणि मग पाच वर्षांनी कुणाला काही आठवत नाही.

अर्धवट_माळी

आणि बिया पेरायच्या कशा? मी मागे पेरल्या होत्या, वर्षभर काही नाही.

काळीमाती

थंडी दिली होतीत का? बीसुद्धा झोपतं. ओल्या स्फॅग्नम शेवाळात झिपच्या पिशवीत घालून चार ते सहा आठवडे फ्रिजमध्ये, उत्तरेकडच्या पर्प्युरियाला आठ. किंवा सरळ भर हिवाळ्यात बाहेर पेरून मोकळे व्हा. बी मेणचट असतं, पाण्यावर तरंगत राहतं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडतं. वरच पेरायचं, माती टाकायची नाही, उजेड लागतो. उबेला आणलं की दोन-चार आठवड्यांत दोन इवली पानं, आणि त्यांच्यामागून लगेच पहिली तुतारी, तांदळाच्या दाण्याएवढी. तिला पण तोंड असतं. तोंडात चिलट अडकलेलं मी बघितलंय.

आणि मग वाट बघा. फुलायला तीन ते पाच वर्षं, कधी जास्त. लहानपणी सगळ्या सारख्याच दिसतात, कोण कुणाची कळत नाही.

टीडीएसवाली

मला इथे रडगाणं गायचंय. माझ्याकडे एक संपूर्ण हिरवी पर्प्युरिया आहे, लाल रंगाचा अंश नाही, हेटेरोफिला म्हणतात ती. मला तशीच हिरवी पण उंच हवी होती म्हणून फ्लाव्हाशी लावली. साठ रोपं. साठच्या साठ लालसर शिरांची!! एकही हिरवं नाही. तीन वर्षं गेली. कुठे चुकलं?

काळीमाती

कुठेच नाही ताई. तो लाल रंग न करण्याचा गुण अप्रकट आहे, दोन्हीकडून आला तरच दिसतो. तुमच्या साठही रोपांकडे एकेक प्रत आहे, दिसत नाही इतकंच. आता त्या साठांतली दोन उंच भावंडं फुलली की आपसांत लावा. त्यांच्या पोरांत साधारण चारातलं एक हिरवं निघेल. किंवा एकाला परत त्या हिरव्या आईशी लावा, मग निम्मी हिरवी, पण ती आईसारखी बुटकी निघायची. मी पहिला रस्ता घेईन. रोप कोवळं असतानाच कळतं, बुडाशी लाली आहे की नाही बघायचं, त्यामुळे जागा अडत नाही.

टीडीएसवाली

म्हणजे अजून चार-पाच वर्षं. ठीक आहे. मीटरची बॅटरी बदलते तोवर.

शेणखत

एक विचारू का. 'एड्रियन स्लॅक' नावाचं मूरिआयचं वाण आहे ना, पांढरं-लाल, भारी. त्याच्या बिया देतो म्हणाला एक जण. घेऊ का? लावलं की तेच येईल ना?

वाराकुंड

नाही येणार. नाव त्या एका झाडाचं आहे आणि त्याच्या कंदाच्या तुकड्यांचं. बी म्हणजे नवीन पोर, ते कसंही निघेल, त्याला ते नाव लावायचं नाही. तुम्हाला तेच झाड हवं असेल तर कंदाचा तुकडाच घ्या, वसंताच्या सुरुवातीला कोंब हलायच्या आधी तोडलेला. नवीन वाणाला नाव द्यायचं तर आंतरराष्ट्रीय कीटकभक्षी वनस्पती संस्थेकडे वर्णन आणि फोटो देऊन नोंदवतात.

आणि देशाबाहेरून मागवणाऱ्यांनो, सगळ्या सॅरासेनिया साइट्स करारात आहेत, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात. ओरिओफिला आणि रुब्राच्या अलाबामेन्सिस, जोनेसी या उपजाती तर पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात. कागदपत्रांशिवाय पाकिटातून मागवू नका, झाड पण जाईल आणि तुम्ही पण अडकाल.

काळीमाती

शेणखतराव, वाराकुंड म्हणतात तेच. पण बिया फुकट देत असेल तर घ्या की, फक्त नाव विसरून घ्या.

आता खरं दुखणं सांगतो. संकर करणं सोपं, फेकणं अवघड. माझ्या पहिल्या मूरिआयच्या एका बोंडातून १४० रोपं आली. ट्रे, मग छोट्या कुंड्या, मग मोठ्या. चौथ्या वर्षी अंगणात चालायला जागा नव्हती. १४० पैकी खरोखर बघण्यासारखी किती? सहा. बाकीची वाईट नाहीत, नुसती आहेत. आईसारखी पण आईपेक्षा कमी, बापासारखी पण बापापेक्षा वाकडी. जुन्या लोकांनी मला सांगितलं होतं की तिसऱ्या वर्षी निम्मी काढ, मी काढली नाहीत, प्रत्येकीला मी बी असल्यापासून ओळखत होतो ना.

वर पाट्यांचा घोटाळा. पाट्या लिहिल्या "कायमच्या" मार्करने. दोन उन्हाळ्यांत सगळी अक्षरं उडाली. पांढऱ्या कोऱ्या १४० पाट्या, बाजूच्या ट्रेमध्ये अलाटाच्या संकराच्या आणखी कोऱ्या पाट्या, आणि मधे खारीने उकरून दोन्हीकडच्या इकडे तिकडे केलेल्या. त्या सहातल्या सगळ्यात देखण्या झाडाचा बाप कोण हे आज मला सांगता येत नाही. ल्युकोफिलाची पांढरी जाळी आहे, पण झाकणाच्या कडेला जी तांब्याची झाक आहे ती फ्लाव्हाची की अलाटाची, देव जाणे. नोंदीत लिहिलंय "आई ल्युकोफिला, बाप खार."

पेन्सिलने लिहा. साधी पेन्सिल. उन्हात उडत नाही. आणि एक पाटी कुंडीच्या आत पुरून ठेवा.

हिमगौरी

"बाप खार" :D :D

मग बाकीची १३४ शेवटी फेकली?

काळीमाती

साठेक वाटली. सत्तरेक कंपोस्टमध्ये गेली, एका संध्याकाळी, भराभर, न बघता. चार अजून पाण्याच्या टाकीमागे आहेत. त्यांना मी पाणी देत नाही, पाऊसच काय तो देतो, तरी दर वर्षी येतात.

हिमगौरी

काका!! बर्फ वितळलं. सुया बाजूला केल्या. सगळं तपकिरी, वाळलेलं कडबा झालेलं, हात लावला तर जुनी पानं हातात आली. मला वाटलं गेलं. कंद दाबून बघितला तर टणक आहे, बटाट्यासारखा. आणि मधोमध काहीतरी आलंय! एक नाही तीन! ती तुतारी आहे की फूल कसं ओळखू?

वाराकुंड

टणक म्हणजे जिवंत. मऊ आणि काळा असता तर गेला असता. सुया लगेच सगळ्या काढू नकोस, उशिरा एखादी रात्र गोठवणारी आली तर कळ्या जळतात. हाताशी ठेव.

काळीमाती

चपटा टोकदार, आपल्या तळहातांच्या नमस्कारासारखा मिटलेला असेल तर तुतारी. वाटाण्यासारखा गोल गोळा, आणि दांडा वाढेल तसा मान खाली घालत जाणारा असेल तर फूल.

हिमगौरी

दोन चपटे. एक वाटाणा!

गेल्या वर्षी झाड अशक्त झालं होतं ना, मग कळी कापून टाकू का? कुठेतरी वाचलं की फुलाने ताकद जाते.

काळीमाती

अगं थांब, कापू नकोस. एका फुलाने काही होत नाही. फ्लाव्हा आहे ना नक्की? बटर पेपर आहे घरात?